फुगणाऱ्या पाण्याला जागा

मुंबईच्या जोगेश्वरीत पाणी गोठत नाही. शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेतलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. आपल्याकडच्या हिवाळ्यात गोठतं ते बाटलीतलं खोबरेल तेल. तरीही आगीच्या स्प्रिंकलरमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात द्रव मिसळावा लागतो अशा खोल्या इथेही आहेत. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या आतल्या बाजूला अशाच एका गाळ्यात मी गेलो होतो. बाहेर टेम्पोवाले बनियनवर बसलेले, आणि जाड दरवाजा ओढला की आत उणे ५ अंश. आइस्क्रीमचे आणि गोठवलेल्या मटारचे खोके टेम्पोत चढण्याआधी या खोलीत थांबतात. त्यामागच्या उणे २० च्या मोठ्या खोलीत स्प्रिंकलरचा पाइप कोरडाच ठेवलेला आहे. त्यात दाबाची हवा असते आणि आग लागली तरच पाणी शिरतं. या पुढच्या लहान खोलीसाठी मात्र पाइपात ग्लायकॉल मिसळलेलं पाणी भरून ठेवलं होतं.

मला बोलावलं होतं ते गळतीसाठी. खोली वर्षातून एकदा बंद करून धुतात. त्या दिवशी दुपारी छताजवळचा एक सांधा सुटला आणि गोडसर वासाचं पाणी खोक्यांवर पडलं. तिथला फिटर म्हणाला, "साहेब, टाकी तर लावली आहे. आठ लिटरची. हिशेबाप्रमाणेच आहे." हिशेब त्याने खरोखर केला होता आणि त्यातला गुणाकार-भागाकार बरोबरही होता. चूक कुठे झाली ते कळण्यासाठी पाइपापासूनच सुरुवात करायला हवी.

स्प्रिंकलरच्या तोंडावर काचेची एक बारीक कुपी असते. आतला द्रव लाल असेल तर ती ६८ अंशांना फुटते, पिवळा असेल तर ७९ ला. ज्याची कुपी तापून फुटेल त्याच तोंडातून पाणी पडतं. सिनेमात दाखवतात तसं सगळ्या छतातून एकदम पडत नाही. कुपी फुटताक्षणी पाणी यायला हवं, म्हणून पाइप चोवीस तास पाण्याने भरलेला आणि दाबाखाली असतो. हा दाब जॉकी पंप धरून ठेवतो. आपल्याकडे फिटर बार म्हणत नाहीत, किलो म्हणतात, "लाइनीत सात किलो आहे". दोन्ही जवळजवळ सारखेच, म्हणून मीही इथे किलोच म्हणतो.

आता हाच भरलेला पाइप उणे ५ मध्ये नेला तर आतलं पाणी गोठेल. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते तसा पाइपाचा सांधा फुटतो, आणि खरोखर आग लागली तर बर्फाच्या दट्ट्यामागे पाणी अडून राहतं. म्हणून प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिन मिसळायचं. आकारमानाने ४० टक्के प्रॉपिलिन ग्लायकॉल असलं की मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही.

जास्त घातलं की जास्त सुरक्षित, असं इथे नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावी स्वयंपाकघरातली आग विझवायला स्प्रिंकलर उघडला. पाइपातल्या मिश्रणात ७० टक्क्यांहून जास्त ग्लिसरिन होतं. फवाऱ्याने आग विझण्याऐवजी भडका उडाला आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकेच्या एनएफपीए या संस्थेने नियम आवळले. जुन्या व्यवस्थांना २०२२ पर्यंत ग्लिसरिन ५० आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल ४० टक्क्यांपर्यंतच चालत होतं, आणि नव्या कामात चाचणी होऊन मान्यता मिळालेलं, कारखान्यातच मिसळलेलं द्रावणच वापरायचं. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट ओतणारेही मी पाहिले आहेत. ते बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, म्हणजे विष. खाण्याच्या वस्तूंवर टांगलेल्या पाइपात ते कधीही घालू नये.

ग्लायकॉलने गोठण्याचा प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो. तापल्यावर द्रव फुगतो. साधं पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर गेलं तर पाऊण टक्का फुगतं. ग्लायकॉलचं मिश्रण उणे १० वरून ४० वर गेलं तर दोन टक्क्यांच्या वर. आकडा लहान वाटतो, पण द्रव दाबून लहान करता येत नाही. बंद पोलादी पाइपात काठोकाठ भरलेलं, हवेचा एक बुडबुडाही नसलेलं साधं पाणी तिशीच्या आसपास एका अंशाने तापलं, तर दाब चार-पाच किलोंनी चढतो. एका अंशाला चार-पाच किलो! स्प्रिंकलरची नेहमीची मर्यादा १२ किलोंची. सातवर असलेली लाइन दोन अंशांत तिथे पोचेल.

पाइप बंद कशामुळे होतो? नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे. ग्लायकॉल मागे जाऊन इमारतीच्या पाण्यात मिसळू नये म्हणून तो बसवलेला असतो. आत येणारं येतं, बाहेर काही जात नाही. जुन्या पद्धतीत यावर एक सुंदर तोडगा होता. व्हॉल्व्हच्या झडपेलाच ०.८ मिलिमीटरचं एक भोक पाडायचं. द्रव हळूहळू फुगतो, तेव्हा तो त्या भोकातून थेंब थेंब मागे सरतो. जोडणीचा पाइप दीडेक मीटर खाली उतरवून पुन्हा वर न्यायचा, म्हणजे मिश्रण आणि पाणी आपापल्या जागी राहतात. पण जिथे पिण्याच्या पाण्याशी संबंध येतो तिथे थेंबभरही मागे जाऊन चालत नाही. तिथे दुहेरी झडपांचा बॅकफ्लो प्रिव्हेंटर लागतो आणि भोकाचा तोडगा बाद होतो. मग फुगलेल्या द्रवाला दुसरीकडे जागा करून द्यावी लागते. ही जागा म्हणजे एक्स्पान्शन टँक. पोलादी भांडं, आत रबराची पिशवी, पिशवीत द्रव आणि बाहेर हवा. बंगल्यातल्या प्रेशर पंपाला असते तशीच, फक्त जास्त दाबाची. बंगल्याची टाकी बहुधा ८ किंवा १० किलोंची असते, ती इथे चालत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह लावून भागणार नाही का, असं मालक हमखास विचारतात, कारण तो स्वस्त पडतो. सेफ्टी व्हॉल्व्ह असावाच, पण टाकीच्या जागी नव्हे. तो दाब उतरवतो म्हणजे ग्लायकॉल जमिनीवर सांडतं. खोली पुन्हा थंड झाली की आतला द्रव आकसतो आणि मोकळी झालेली जागा भरायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून साधं पाणी आत येतं. वर्षात चार वेळा असं झालं की मिश्रण पातळ होतं आणि ज्या भीतीने ग्लायकॉल घातलं तीच खरी होते. टाकीत हा द्रव सांडत नाही, सांभाळून ठेवला जातो आणि थंडी आली की परत पाइपात जातो.

आता हिशेब. आधी पाइपात किती मावतं ते मोजायचं. या खोलीत ८० मिलिमीटरचा पाइप ८ मीटर, ५० चा २० मीटर आणि २५ चा ६० मीटर. मध्यम जाडीच्या पाइपात मीटरमागे अनुक्रमे सुमारे ५.१, २.२ आणि ०.५८ लिटर मावतात. गुणून बेरीज केली की १२० लिटर.

मग दोन तापमानं ठरवायची, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण जोगेश्वरीचं वेगळेपण इथेच दिसतं. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घराच्या माळ्यावर ग्लायकॉलचा पाइप असेल, तर त्याला जानेवारी ते जुलै असा सहा महिन्यांचा प्रवास असतो. आपल्या शीतखोलीत बाराही महिने उणे ५. म्हणून लोक म्हणतात की तापमान बदलतच नाही, फुगेल कसं? पण खोली धुवायला बंद केली, कॉम्प्रेसर बिघडला किंवा पावसाळ्यात लांबलचक वीज गेली की तोच पाइप संध्याकाळपर्यंत मुंबईच्या हवेच्या तापमानाला येतो. न्यू जर्सीत जे सहा महिन्यांत होतं ते इथे एका दिवसात. त्यामुळे वरचं तापमान मेमधल्या मुंबईहून थोडं जास्त धरायचं, ४० अंश, आणि खालचं खोलीहून थोडं कमी, उणे १०. एनएफपीएच्या पद्धतीत दोन्ही तापमानांच्या घनतांचा भागाकार करून त्यातून १ वजा करायचा. आपल्या मिश्रणासाठी सव्वादोन टक्के धरू. १२० लिटरचे सव्वादोन टक्के म्हणजे २.७ लिटर. पाइपही किंचित फुगतो, पण तो हिशेबात धरत नाही, तेवढी आपल्या बाजूची बचत.

फिटरनेही इथपर्यंत असंच केलं होतं. पुढे लोकांना वाटतं, २.७ लिटरला तीन लिटरची टाकी पुरेल. पुरत नाही, कारण टाकीतली हवा शून्यापर्यंत दाबता येत नाही. प्रश्न विचारायचा तो असा: दाब परवानगीइतकाच चढू दिला, तर टाकीच्या प्रत्येक लिटरमागे किती जागा मोकळी होते?

शाळेतला बॉइलचा नियम. दाब जितक्या पट वाढेल तितक्या पट हवा आकसेल. फक्त गेजवरच्या आकड्यात १ मिळवायचा, कारण गेज वातावरणाचा दाब धरत नाही. ही एकाची बेरीज विसरल्याने चुकलेले कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. समजा टाकीत आधीच ७ किलो हवा भरली, म्हणजे खरा दाब ८. लाइनही ७ वर. तर लिटरभर टाकीत लिटरभर हवा. मर्यादा १२ किलोंची, म्हणून थोडं अलीकडे थांबून दाब ११ किलोंपर्यंत, म्हणजे खरा १२ पर्यंत चढू द्यायचा. तेव्हा हवा उरते आठ बारांश, ०.६७ लिटर. जागा झाली ०.३३ लिटर. मग २.७ भागिले ०.३३, साधारण ८ लिटर. फिटरचा हिशेब हाच.

पण हा हिशेब टाकीत ७ किलो हवा आहे असं धरतो. त्याने टाकी खोक्यातून काढून थेट बसवली होती आणि कारखान्याने तिच्यात २ किलो हवा भरलेली होती. खरा दाब ३. लाइनीचे ७ किलो लागताच हवा तीन अष्टमांश झाली. आठ लिटरच्या टाकीत तीन लिटर हवा, बाकीचे पाच लिटर द्रवाने आधीच भरलेले. खोली धुवायला बंद केली, द्रव फुगला, २.७ लिटर आणखी आले. हवा उरली ०.३ लिटर, म्हणजे दहावा हिस्सा, म्हणून दाब दहापट. आठाचे ऐंशी. प्रत्यक्षात दाब ऐंशीपर्यंत जात नाही, कारण त्याआधीच सगळ्यांत कच्चा सांधा सुटतो. तोच सुटला होता. खोलीतल्या १६ किलोंच्या गेजचा काटा शेवटच्या खुंटीला टेकून वाकलेला मी स्वतः पाहिला. २ किलो हवेवर चालवायचंच असेल तर लिटरमागे जागा ०.१२५ लिटरच होते, आणि टाकी ८ ऐवजी जवळपास २२ लिटरची लागते.

त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हवा भरली की झालं ना साहेब? टाकी तीच राहू दे." त्याचं म्हणणं रास्त होतं, पण आणखी दोन गोष्टी पाहायच्या होत्या.

पहिली म्हणजे टाकी कुठे टांगली आहे. त्याने ती खोलीच्या आत टांगली होती. खोलीबाहेरच्या तीस अंशांच्या बोळात ७ किलो भरलेली हवा उणे १० मध्ये आकसते आणि तिचा दाब किलोभर उतरतो. मग लाइनीचा द्रव पिशवीत आधीच शिरून बसतो. वर ४० अंशांना तीच हवा फुगून जास्त दाब देते. तापमानांसकट गणित केलं की ८ च्या जागी १५ लिटर येतात. तीच टाकी भिंतीपलीकडे, बोळात लावली तर हा सगळा फरक जातो. भिंतीत एक भोक आणि दोन मीटर पाइप, एवढंच काम.

दुसरी गोष्ट कागदावर सहसा दिसत नाही. लाइनीचा दाब ७ किलो हे खरं कधी? जॉकी पंप शांत असताना. आठवड्याला आगीसाठीचा मोठा पंप चालवून पाहतात, तेव्हा काही मिनिटं लाइन ९ वर जाते. पंप बंद केला की इमारतीची लाइन ७ वर येते, पण नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पलीकडे आत शिरलेले ९ किलो तिथेच अडकतात. पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. म्हणून सुरुवातीचा दाब धरायचा तो आत अडकणारा सर्वांत मोठा. ९ किलो, म्हणजे खरा १०. लिटरमागे हवा तेव्हा ०.८, शेवटी ०.६७, जागा फक्त ०.१३ लिटर. २.७ ला टाकी लागते २० लिटरची. त्याच खोलीत, त्याच पाइपाला, त्याच ग्लायकॉलला आठाचे वीस झाले, ते एका पंपाच्या चाचणीमुळे. मला विचाराल तर टाकीचा आकार पाइपाच्या लांबीपेक्षा या एका आकड्यावर जास्त ठरतो, आणि तो पंपरूममध्ये उभं राहून गेजवर वाचावा लागतो. बाजारात २० च्या वरची सोयीची टाकी २४ लिटरची, १६ किलो दाबाची. तीच बोळात लावायची ठरली.

ग्लायकॉल नसलेल्या साध्या लाइनींनाही हे लागू आहे. जोगेश्वरीत पुनर्विकासाचे टॉवर उभे राहतायत, त्यांच्या गच्चीवरचे स्प्रिंकलरचे पाइप दुपारी हात लावू नये इतके तापतात. तिथे टाकी नसते आणि तरी सहसा काही फुटत नाही, कारण पाइपांच्या टोकांना अडकलेली हवा गादीचं काम करते. पण हीच हवा पाइप आतून गंजवते, म्हणून नव्या पद्धतीत ती काढून टाकायला व्हेंट बसवतात. हवा काढली की गादी गेली. अशा लाइनीवर १२ किलोंना उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना, हे आवर्जून पाहावं. तिथे सांडतं ते साधं पाणी, म्हणून तिथे तो पुरतो.

टाकी लावल्यावर तिची तपासणी कशी करायची हे सांगायलाच हवं, कारण बहुतेक जण चुकीची करतात. टाकीच्या डोक्यावर गाडीच्या टायरला असतो तसा वाल्व असतो. त्याला गेज लावून ९ दिसले म्हणून हवा बरोबर आहे असं होत नाही. लाइन जोडलेली असताना पिशवीच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखाच असतो. आत हवा भरपूर असो वा चमचाभर, गेज लाइनीचाच आकडा दाखवणार. टाकीखालची चावी बंद करून तिच्यातला द्रव डब्यात काढायचा, आणि मग मोजायचं. सात असायला हवेत. कमी असले तर नायट्रोजन भरायचा, आणि काढलेला द्रव परत आत घालायचा, नाल्यात नाही. वाल्वची पिन दाबल्यावर हवेऐवजी चिकट, गोडसर पाणी आलं तर पिशवी फाटली आहे. काढलेल्या द्रवाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून डोळा लावला की तो किती अंशांपर्यंत गोठणार नाही हे लगेच वाचता येतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी द्यावा लागतो. त्याच भेटीत ही वीस मिनिटं काढावीत.

त्या गाळ्यात खोली पुन्हा एकदा मुद्दाम बंद करून पाहिली. कॉम्प्रेसर थांबवला, दरवाजा उघडा टाकला. फिटर थोड्या थोड्या वेळाने काटा वाचून बोळातल्या भिंतीवर, नव्या टाकीशेजारी, मार्करने लिहीत होता. सकाळी ७, उणे ५ अंश, ९ किलो. दुपारी ४ ची नोंद होती ३४ अंश, १० किलो.